नॉर्मल रिपोर्टचा अधिकार

जालना जिल्ह्यातल्या हसनाबादची एखादी मुलगी पाळीच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे गेली की तिची पुढची वाट जवळजवळ ठरलेली असते. आधी दुखणं थांबवायची गोळी मिळते. दोन-तीन महिन्यांनी ती तीच तक्रार घेऊन येते, तेव्हा सोनोग्राफी करून आणायला सांगतात. हसनाबादसारख्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे यंत्र असणं अपेक्षितच नसतं. म्हणून एक दिवस मोडून भोकरदन, जालना नाहीतर थेट छत्रपती संभाजीनगर गाठायचं. रिपोर्ट येतो, त्यात ‘विशेष दोष आढळला नाही’ असं लिहिलेलं असतं आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. त्याच दिवसापासून मुलीच्या दुखण्यावरचा सगळ्यांचा विश्वास उडतो. मशीननं सांगितलंय काही नाही, मग ही दर महिन्याला पोट धरून का बसते? लग्न झालं की जाईल, मूल झालं की जाईल. दोन्ही उत्तरं तयार असतात.

‘रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार नाही’ ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की डॉक्टरांनाही ती तपासून पाहावीशी वाटत नाही. एंडोमेट्रिओसिसच्या बाबतीत ती चूक आहे, आणि ही चूक बाईच्या आयुष्यातली कित्येक वर्षं खाते. माझं म्हणणं असं: या आजारात सोनोग्राफी किंवा एमआरआय आजार असल्याची साक्ष देऊ शकते, आजार नसल्याचा दाखला देऊ शकत नाही. साक्ष आणि दाखला यांतला हा फरक एकदा मान्य केला की चिठ्ठी कशी लिहायची, रिपोर्ट कसा वाचायचा आणि ऑपरेशन कधी करायचं, या तिन्ही गोष्टी बदलाव्या लागतात.

१. आजार बसतो कुठे

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात, त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. पाळीच्या चक्रातल्या संप्रेरकांना या पेशीही प्रतिसाद देतात. त्या जागी दाह होतो, व्रण धरतो आणि एरवी सुटे असणारे अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी स्त्रियांना आणि मुलींना हा आजार आहे. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेनं भारतीय स्त्रियांमधल्या या आजाराचा आणि त्याच्या आनुवंशिकतेचा अभ्यास हाती घेतला आहे. तेव्हा हे ‘बाहेरच्या देशांतलं दुखणं’ म्हणून बाजूला सारायची सोय उरलेली नाही.

तपासणीच्या दृष्टीनं आजाराचे तीन प्रकार वेगळे धरावे लागतात. पहिला बीजकोशातला. तिथे जुनं रक्त साचून गाठ होते, तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. दुसरा खोलवर रुजणारा. तो गर्भाशयामागचे अस्थिबंध, मलाशयाची भिंत, मूत्राशय अशा ठिकाणी कठीण गाठी धरतो. तिसरा पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर पसरणारा वरवरचा आजार. त्याचे ठिपके काही मिलिमीटरचे असतात.

चॉकलेट सिस्ट सोनोग्राफीत सहसा चांगली दिसते. आतला भाग दुधी काचेसारखा एकसारखा धूसर येतो आणि अनुभवी डोळा तो चटकन ओळखतो. खोल गाठी दिसतात, पण शोधल्या तरच. वरवरचे ठिपके बहुतेक वेळा दिसतच नाहीत, कारण त्यांना जाडी नाही, आकार नाही आणि ज्या पडद्यावर ते बसतात त्याच्यापासून वेगळे उठून दिसण्याइतका फरकही नाही. यंत्र कितीही महागडं असलं तरी ही अडचण पुरती सुटत नाही.

दुखणं आणि दिसणं यांचा मेळही बसत नाही. थोडासा वरवरचा आजार असलेली बाई पाळीत अंथरूण धरते आणि दोन्ही बीजकोशांत मोठ्या गाठी असलेली बाई कधी कधी केवळ मूल होत नाही म्हणून तपासायला येते. ऑपरेशनच्या वेळी आजाराला पहिली ते चौथी पायरी देण्याची पद्धत आहे, पण त्या पायऱ्यांवरून वेदना किती असेल हे सांगता येत नाही. म्हणजे चित्रात काही दिसलं नाही म्हणून वेदना खोटी ठरवणारा माणूस, जो मेळ मुळात नाही त्याच्या भरवशावर निकाल देत असतो.

२. आकडे नीट वाचले तर

कॉक्रेन या संस्थेनं २०१६ साली जगभरातले अभ्यास एकत्र करून एंडोमेट्रिओसिसच्या तपासण्यांचा आढावा घेतला. तुलना होती प्रत्यक्ष ऑपरेशनमध्ये दिसलेल्या आजाराशी. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीनं, जिला बायका ‘आतून सोनोग्राफी’ म्हणतात, चॉकलेट सिस्ट असलेल्या १०० पैकी सुमारे ९३ जणींना अचूक ओळखलं. खोल आजारात हा आकडा ७९ वर आला. ओटीपोटातला सगळा आजार, वरवरच्या ठिपक्यांसकट, धरला तर तो ६५ पर्यंत उतरला. उलट बाजूनं पाहता, आजार नसलेल्या १०० पैकी ९५ जणींना या तपासणीनं बरोबर ‘नाही’ म्हटलं.

या शेवटच्या दोन आकड्यांतच सगळा युक्तिवाद आहे. समजा, पाळीत आणि एरवीही तीव्र ओटीपोटदुखी असलेल्या १०० जणी तपासायला आल्या आणि त्यांतल्या ५० जणींना खरोखर हा आजार आहे. ५० हा हिशेबापुरता धरलेला आकडा. त्या ५० पैकी ३२-३३ जणींचा आजार सापडेल, १७-१८ जणींचा निसटेल. आजार नसलेल्या ५० पैकी ४७-४८ जणींचा रिपोर्ट नॉर्मल येईल. एकूण नॉर्मल रिपोर्ट सुमारे ६५, आणि ते हातात घेऊन घरी जाणाऱ्यांत चारातल्या एकीहून अधिक जणींच्या पोटात आजार तसाच. दुसरीकडे, ज्या ३५ जणींच्या रिपोर्टमध्ये आजार आहे असं आलं, त्यांतल्या ३२-३३ जणींबाबत ते खरं. ‘आहे’ म्हणताना ही तपासणी विश्वासाची, ‘नाही’ म्हणताना नाही.

हा हिशेबही उदारच आहे. हे आकडे ज्या अभ्यासांतून आले ते बहुतांशी या आजाराचा सराव असलेल्या केंद्रांतले. तालुक्याच्या गावी दिवसाला ढीगभर गरोदर बायका तपासणाऱ्या सेंटरमध्ये, भरल्या लघवीवर पोटावरून केलेल्या सोनोग्राफीला ते लागू होतील असं धरून चालण्याचा आत्मविश्वास कुठून आणायचा?

युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेनं, ईश्रेनं, २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट सांगितलं आहे की तपासणी नॉर्मल आली म्हणून एंडोमेट्रिओसिस नाही असं ठरवू नये. ब्रिटनच्या नाइस संस्थेचीही हीच भूमिका आहे. सीए-१२५ ही रक्ततपासणी निदानासाठी वापरू नये, असंही ईश्रेनं बजावलं आहे. आपल्याकडे मात्र ती मागवली जाते, आकडा थोडा वाढलेला दिसला की घरात कॅन्सरची भीती शिरते आणि नॉर्मल आला की ‘बघा, काही नाही’ म्हणायला आणखी एक कागद मिळतो.

३. कोणत्या वाटेनं पाहिलं

एकाच यंत्रानं केलेल्या दोन सोनोग्राफींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. पोटावर ठेवलेल्या प्रोबला कातडी, चरबी, आतडी आणि त्यातला वायू ओलांडून गर्भाशयामागे पाहायचं असतं. नेमकी तीच जागा खोल एंडोमेट्रिओसिसची आवडती. आतून ठेवलेला प्रोब त्या जागेच्या अगदी जवळ पोहोचतो.

अविवाहित मुलीची आतून सोनोग्राफी आपल्याकडे होत नाही, आणि तिची तयारी नसताना ती होऊ नये हेही बरोबर. माझा आग्रह वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. मग रिपोर्टमध्ये तसं लिहा. ‘तपासणी पोटावरून केली, गर्भाशयामागचा भाग व अस्थिबंध नीट पाहता आले नाहीत’ एवढं एक वाक्य. ते नसलं की अर्धवट पाहिलेल्या पोटाला पूर्ण पाहिल्याचा शिक्का बसतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत या एका वाक्याची किंमत फार मोठी आहे, कारण तिच्या आईला, मामाला, पुढे होणाऱ्या सासरला दाखवायला तिच्यापाशी तेवढाच कागद असतो. अशा मुलींसाठी एमआरआय हा खरा उपयोगाचा पर्याय आहे. गुदमार्गातून सोनोग्राफीही करता येते, पण तिचा प्रस्ताव क्वचितच ठेवला जातो. कुठलीही वाट निवडा, मुलीला आधी नीट समजावून, तिचा होकार घेऊन आणि सोबत बाईमाणूस ठेवूनच. मुलगी घाबरून अंग चोरून बसली तर चित्रही नीट मिळत नाही.

४. काय शोधायला सांगितलं होतं

सोनोग्राफी हा फोटो आहे असं आपण धरून चालतो. वास्तविक ती हातानं केलेली तपासणी आहे. तपासणारा जिथे प्रोब नेतो, जितका वेळ थांबतो, तेवढंच दिसतं. आणि तो कुठे थांबणार हे बऱ्याच अंशी चिठ्ठीवर ठरतं. चिठ्ठीवर ‘पोटात दुखतं’ एवढंच असेल तर तो किडनीस्टोन, अपेंडिक्स, पित्ताशयातले खडे पाहतो, गर्भाशयाची लांबी-रुंदी मोजतो, बीजकोशात गाठ नाही ना ते बघतो आणि पुढच्या पेशंटला बोलावतो. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यानं प्रामाणिकपणे दिलेलं असतं.

‘पाळीत शौचाला गेल्यावर तीव्र वेदना, संबंधाच्या वेळी खोल दुखतं, दोन वर्षं मूल नाही, एंडोमेट्रिओसिस आहे का’ असं चिठ्ठीवर लिहिलं की तपासणीच बदलते. २०१६ साली ‘आयडिया’ या आंतरराष्ट्रीय गटानं या तपासणीच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिलीत गर्भाशय आणि बीजकोश. गर्भाशयाच्या भिंतीत शिरलेला आजार, म्हणजे अ‍ॅडिनोमायोसिस, आहे का हेही इथेच बघायचं. दुसरीत अप्रत्यक्ष खुणा: प्रोबनं हलकेच दाबल्यावर नेमकं कुठे दुखतं आणि बीजकोश जागचा हलतो की चिकटून बसलाय. तिसरीत गर्भाशय आणि मलाशय एकमेकांवरून सरकतात का. चौथीत पुढच्या आणि मागच्या भागातल्या खोल गाठी.

तिसरी पायरी थोडी तपशिलात सांगतो. तपासणारा प्रोबनं गर्भाशयमुखाला हळूच रेटा देतो आणि यंत्राच्या पडद्याकडे पाहतो. निरोगी पोटात तळहातावरून तळहात फिरावा तसं मलाशय गर्भाशयाच्या मागच्या बाजूवरून सरकताना दिसतं. आजारानं दोन्ही चिकटली असतील तर ती एकत्र हलतात, मधली रेघ सरकतच नाही. याला काही मिनिटं पुरतात, वेगळं यंत्र लागत नाही, रंग टोचावा लागत नाही. हे ओळखायला शिकण्यासाठी साधारण चाळीसेक तपासण्यांचा सराव पुरतो, असं यावरच्या अभ्यासात दिसलं आहे. चाळीस म्हणजे फार नव्हे. पण काढून ठेवलेल्या फोटोत हे दिसत नाही, हलत्या चित्रातच दिसतं. म्हणून घाईच्या तपासणीत ते हमखास राहून जातं.

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीचं एक काम मात्र या आजारात कुणी विसरू नये. खोल आजार मूत्रवाहिनीला वेढा घालू शकतो, लघवी अडते आणि किडनी सुजते. बाईला कित्येकदा त्याचा पत्ताही लागत नाही, किडनी मुकाट्यानं निकामी होत जाते. खोल गाठ सापडलेल्या प्रत्येकीच्या दोन्ही किडन्या त्याच वेळी पाहून घ्यायला हव्यात.

५. उलट दिशेची चूक

आतापर्यंत ‘दिसलं नाही म्हणजे नाही’ या चुकीबद्दल बोललो. मराठवाड्यात तिची जुळी बहीण जास्त घातक ठरली आहे: दिसलं म्हणून काढून टाका.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या जात असल्याची चर्चा २०१९ मध्ये राज्यभर झाली. त्याची चौकशी करणाऱ्या, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांमधलं देशभरातलं प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. यामागे खाडा झाला की कापला जाणारा पैसा होता, मुकादमाची उचल होती, शेतातल्या पालावर पाण्याची-न्हाणीची सोय नव्हती. हा प्रश्न केवळ वैद्यकीय नाही. पण पिशवी काढायच्या निर्णयावर वैद्यकीय शिक्का कशानं बसतो? बऱ्याचदा सोनोग्राफीच्या रिपोर्टमधल्या ‘पिशवीला सूज’ या दोन शब्दांनी आणि त्याला जोडलेल्या ‘पुढे कॅन्सर होईल’ या धाकानं.

या बायकांना एंडोमेट्रिओसिस होता असं मी म्हणत नाही. मुद्दा कागदाला दिलेल्या अधिकाराचा आहे. ‘सूज’ हे निदान नाही, ते आकाराचं वर्णन आहे. बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच. अ‍ॅडिनोमायोसिस असेल तर तसं नाव घेऊन, खुणा सांगून लिहायला हवं, कारण त्यावर औषधं आहेत आणि गर्भाशयात बसवायची संप्रेरकाची कॉपर-टीसारखी साधनंही आहेत. दुखणं गर्भाशयाबाहेरच्या एंडोमेट्रिओसिसचं असेल आणि त्या गाठी तशाच ठेवून नुसती पिशवी काढली, तर दुखणं राहू शकतं. तिशीतली बाई पिशवीही गमावते आणि वेदनाही घेऊन जगते.

बीजकोशातल्या गाठीचंही तसंच. रक्त साचलेली साधी गाठ पहिल्या सोनोग्राफीत चॉकलेट सिस्टसारखी दिसू शकते आणि दोन-अडीच महिन्यांत आपोआप विरघळते. आपल्या देशात जननेंद्रियांच्या क्षयरोगाच्या गाठीही या गर्दीत मिसळतात. घाई नसेल तर थांबून पुन्हा सोनोग्राफी करणं हा आळस नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. ‘आजच दाखल व्हा’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘आठ आठवड्यांनी या’ म्हणणारा डॉक्टर कमी हुशार असतो, असं मानायचं कारण नाही.

आक्षेप

सरळ एमआरआयच करावा, असं पहिलं म्हणणं येईल. कॉक्रेनच्या त्याच आढाव्यात एमआरआयनं खोल आजाराच्या १०० पैकी ९४ जणींना ओळखलं, सोनोग्राफीपेक्षा जास्त. पण आजार नसलेल्यांपैकी ७७ जणींनाच बरोबर ‘नाही’ म्हटलं. सगळा ओटीपोटातला आजार धरला तर ७९ आणि ७२. म्हणजे वरवरचा आजार इथेही निसटतो, आणि नसलेला दिसण्याचा धोका वाढतो. ऑपरेशन ठरलं असेल आणि आजार आतड्यात किती खोल गेलाय याचा नकाशा हवा असेल, किंवा आतून तपासणी शक्य नसेल, तेव्हा एमआरआय जरूर करावा. दुखणाऱ्या प्रत्येक मुलीचा बाप पाच-सहा हजारांची जुळवाजुळव करून शहरात जाईल आणि तिथून आणखी एक नॉर्मल कागद घेऊन येईल, तर फक्त खर्च वाढला. सीटी स्कॅनचं तर या निदानात नेहमीचं कामच नाही.

दुसरं म्हणणं दुर्बिणीचं: मग दुर्बिणीतूनच बघू या. पूर्वी हाच शेवटचा शब्द मानला जाई. ईश्रेनं २०२२ मध्ये ती जागा काढून घेतली. तपासणीत काही सापडलं नाही आणि औषधांचाही उपयोग झाला नाही, किंवा औषधं देता येत नाहीत, तेव्हा दुर्बीण. कारण उघड आहे. भूल, टाके, खर्च, आणि पाहणारा सरावाचा नसेल तर चिकटलेल्या भागामागचा खोल आजार दुर्बिणीतूनही निसटतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. नॉर्मल रिपोर्टला अधिकार नाही म्हटलं तर प्रत्येक पाळीच्या दुखण्याला एंडोमेट्रिओसिसचं लेबल लागेल, आणि आधीच कापाकापी करणाऱ्या बाजारात आणखी एक निमित्त मिळेल. ही भीती मी हलक्यात घेत नाही. बीडचे आकडे डोळ्यांपुढे असताना ती घेताच येत नाही. पण संशयावरून सुरू होणारा उपचार काय आहे ते पाहा: वेदनाशामक, संप्रेरकाच्या गोळ्या, काही महिने थांबून फेरतपासणी. गोळ्या बंद केल्या की परिणाम थांबतो. काढलेली पिशवी परत येत नाही. बाजार निमित्त शोधतो ते कागदावरच्या ‘सूज’ आणि ‘गाठ’ या शब्दांत. निदान बाईच्या सांगण्यावर, तपासणीवर आणि औषधाच्या प्रतिसादावर सावकाश उभं केलं, तर ऑपरेशनची घाई करायला जागा कमी उरते. गोळीनं बरं वाटलं म्हणून आजार पक्का ठरत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं.

चौथा आक्षेप मनुष्यबळाचा. ब्रिटन, ऑस्ट्रेलियात डॉक्टर नसलेले प्रशिक्षित सोनोग्राफर ही तपासणी करतात, आपल्याकडे का नाही? कारण आपल्याकडे गर्भलिंगनिदान झालं. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला, आणि तरी २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या. यंत्राची नोंदणी आणि कोणी ते हाताळायचं यावरची बंधनं ढिली करा असं मराठवाड्यात बसून म्हणणं मला शक्य नाही. तेव्हा वाट एकच. ज्यांना परवाना आहे त्याच रेडिओलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना त्या चार पायऱ्या शिकवायच्या. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, संभाजीनगरला घाटीचं शासकीय रुग्णालय आहे. चाळीस तपासण्यांचा सराव तिथे देणं अवघड नाही.

हसनाबादला यातलं काय शक्य आहे

आरोग्य केंद्राला यंत्र मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. आशाताई, नर्सताई आणि किशोरवयीनांसाठीचं ‘मैत्री’ क्लिनिक जिथे चालतं तिथले समुपदेशक, या सगळ्यांना चार प्रश्न विचारता येतात. पाळीच्या दुखण्यानं शाळा, कॉलेज किंवा शेतातलं काम बुडतं का? पाळीत शौचाला, लघवीला दुखतं का? पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं का? लग्न झालेलीला, संबंधाच्या वेळी खोल दुखतं का, आणि दिवस राहायला वेळ लागतोय का? शेवटचा प्रश्न चारचौघांत विचारायचा नाही, आणि सासू शेजारी बसलेली असताना तर मुळीच नाही.

ही उत्तरं मेडिकल ऑफिसरनं सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर जशीच्या तशी उतरवावीत आणि शेवटी ‘एंडोमेट्रिओसिस?’ असं प्रश्नचिन्हासकट लिहावं. सोनोग्राफी सेंटरनं रिपोर्टमध्ये तीन ओळी जास्तीच्या द्याव्यात: तपासणी कोणत्या मार्गानं केली, मलाशय गर्भाशयावरून सरकलं का, आणि कोणता भाग पाहता आला नाही. भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जालन्याच्या स्त्री रुग्णालयात याचा छापील नमुना ठेवला तर खर्च छपाईचा. आणि रिपोर्ट नॉर्मल आला, दुखणं मात्र चालू आहे, तर त्या केसपेपरवर चिठ्ठी लिहिणाऱ्यानंच तीन महिन्यांनंतरची तारीख टाकावी आणि ती तारीख आशाताईच्या वहीत चढवावी.